गोणपाटामागची फुंकर

जसोदाबाई वाण्याकडून मीठ आणायची तेही चाखून. मीठ हो, मीठ! वाणी कपाळाला हात लावायचा, "बाई, मिठात काय लबाडी करू मी?" तरी ती चार खडे जिभेवर ठेवून, डोळे बारीक करून, मगच पुडी बांधू द्यायची. भुसावळची गाडी किती वाजता येते हे हवं असलं की ती आधी स्टेशनातल्या एका हमालाला विचारायची, मग दुसऱ्याला. त्यातला एक तिचा सख्खा नवरा भाईदास असला, तरी नुसत्या त्याच्या शब्दावर ती घरून निघायची नाही. भाईदास गरीब माणूस. हसायचा आणि पुढचं पोतं उचलायचा.

लोक तिला संशयी म्हणत, आणि होतीच ती तशी. पण उगाच नव्हती. नंदुरबारात शांतीलाल शेठचं मिरचीचं गोदाम होतं. पथारीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वाळवणाच्या मैदानात, वाळलेली मिरची तिथे पोत्यांनी यायची आणि बेचाळीस बाया रांगेने जमिनीवर बसून तिचे देठ खुडायच्या, चाळायच्या, चक्कीसाठी ढीग लावायच्या. गोदामाला खिडक्या दोन, त्याही बंद, कारण वारा शिरला की तिखट उडतं आणि वजन घटतं. बाया डोळे तेवढे उघडे ठेवून नाकातोंडावर फडकं बांधायच्या. तरी संध्याकाळपर्यंत घसा सोलून निघायचा. खोकला तर सगळ्यांनाच होता. त्याला मिरचीचा खोकला म्हणत आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

चोपन्न साली, शांतीलालचे वडील गादीवर होते तेव्हा, एक माणूस वही घेऊन गोदामात आला होता. गोड बोलणारा होता. तुमचं वय काय, दुखतं काय, दम लागतो का, सगळं विचारलं त्याने. बायांनी भोळेपणाने सगळं सांगितलं. कुणाला वाटलं औषध मिळेल, कुणाला वाटलं लुगडं मिळेल. पुढच्या सोमवारी सहा बायांना दारातूनच परत पाठवलं. त्यांत जसोदाबाईची सासू तापीबाई होती. म्हातारी त्या दिवशी गोदामाच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून राहिली, काही चुकलं असेल तर बोलावतील म्हणून. कुणी बोलावलं नाही. जसोदाबाई आत देठ खुडत होती आणि उठून बाहेर जायची तिची छाती झाली नाही. याची लाज तिला जन्मभर वाटली. तेव्हापासून वही घेतलेला माणूस दिसला की तिच्या मनात पाल चुकचुकायची.

पुढे ती बायांची मुकादम झाली. कामाला वाघीण, तोंडाने त्याहून. शेठसुद्धा तिच्याशी दबकून बोलायचा. धाकटी बहीण धनुबाई विधवा झाली, पदरी दोन लेकी, तेव्हा जसोदाबाईनेच तिला गावाहून आणलं आणि गोदामात आपल्या शेजारी बसवलं. धनुची चूल त्या जागेवर पेटायची. आणि आता दोन हिवाळे धनुला नुसता खोकला नव्हता, तिला धाप लागत होती. जसोदाबाईने तिला गादीपासून लांब, पोत्यांच्या आड बसवलं होतं. धनु खोकायला लागली की ही मोठ्याने कुणावर तरी डाफरायची, म्हणजे शेठच्या कानावर खोकला जाऊ नये. बिचाऱ्या मंगलाबाईने तर विनाकारण किती शिव्या खाल्ल्या त्याची गणती नाही.

अशात त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात, चैत्र नुकता लागला होता, शेठ एका पोराला घेऊन गोदामात आला. वीस-एकवीस वर्षांचा, पांढरा शर्ट, पायांत चपला, बगलेत वही.

"हे डॉक्टर आहेत," शेठ म्हणाला. "म्हणजे होणार आहेत. मुंबईला शिकतात. दीड महिना इथे बसतील. काय विचारतील ते सांगायचं. आणि जसोदाबाई, त्यांना एक खुर्ची द्या."

जसोदाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्या गोदामातल्या नव्हत्या. जो शेठ बायांना पाण्याचा माठ भरू द्यायला कुरकुरतो, तो या पोराला खुर्ची देतो? फुकट? तिने खुर्ची आणून आदळली आणि पोराला विचारलं, "नाव काय शे तुन्हं?"

"वीरसिंग गिरासे. शहाद्याकडना शे मी, मावशी."

घ्या! मुंबईचा डॉक्टर आणि बोलतोय आपल्यासारखं. दुसऱ्या बायांना त्याचं कौतुक वाटलं, हिला धास्ती वाटली. आपल्या बोलीत गोड बोलणारा माणूस तिने एकदा पाहिला होता.

"पगार कोन देस? शेठ?"

"नही व. कॉलेज देस थोडा. उन्हाळानी सुट्टीमा आम्हले काम शिकाडतस. कोनतं तरी एक दुखनं लेवानं, ते कसं व्हस, कोले व्हस, ते शोधी काढानं. मी मिरचीनी धूळ लिन्ही. आम्हना गावन्या बाया पथारीवर येतस, त्या खोकतस, म्हनून."

"म्हंजे तू शिकी ऱ्हायना, आनि तुलेच पैसा?"

"हा."

जसोदाबाईला हवं ते उत्तर मिळालं होतं. शिकणारा पैसे देतो, घेत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. पोरगा थापा मारत होता, आणि थापा मारायला त्याला कुणी तरी बसवलं होतं. कोणी, ते तिला शोधावं लागणार नव्हतं. तो खुर्ची देणारा समोरच गादीवर पान खात बसला होता.

पहिला आठवडा वीरसिंगने नुसती नावं विचारली आणि कोण किती वर्षं कामाला आहे ते लिहिलं. मग एक दिवस तो टांग्यातून एक अवघड सामान घेऊन आला. मोठी काचेची बरणी, तिच्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर एकापासून चाळीसपर्यंत रेघा. एक पत्र्याचा टब. लांब रबरी नळी. त्याने टबात पाणी भरलं, बरणीही पाण्याने भरून टबात उपडी ठेवली आणि नळीचं एक टोक तिच्या तोंडात सरकवलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि नळीत फुंकला. बुडबुड आवाज झाला, बरणीतलं पाणी खाली सरकत गेलं आणि अठ्ठाविसाव्या रेघेवर थांबलं.

"जितली छातीमा हवा, तितलं पानी खाल जास," तो बायांना म्हणाला. "धूळ बठीसन छाती आखडनी, तं कमी जास. प्रत्येकीनं तीन डाव फुकानं. बस, इतलंच."

नळीचं टोक तो दर वेळी एका वाटीतल्या जांभळ्या पाण्यात बुडवून धूत होता. त्या पाण्यावरून दुपारच्या भाकरीला निराळंच वादळ उठलं. कोणी म्हणालं, मूल न होण्याचं औषध आहे. कोणी म्हणालं, त्याने दात पडतात. जसोदाबाईने सगळ्यांना गप्प केलं. तिला जांभळ्या पाण्याचं भय नव्हतं, रेघांचं होतं. चोपन्न सालच्या त्या वहीवाल्याला निदान बायांच्या तोंडून तरी काढून घ्यावं लागलं होतं. हा तर छातीच मोजणार. धनुची रेघ किती येणार हे तिला न मोजताच कळत होतं. आणि रेघ आली की जागा गेली, जागा गेली की दोन पोरींच्या तोंडचा घास गेला.

ती उठली आणि वीरसिंगपुढे जाऊन उभी राहिली. "आम्हन्या बाया परका मानूसना समोर तोंड उघडं करतीन नही. पडदा लाव."

तिला वाटलं होतं, पोरगा चिडेल. तो उलट ओशाळला. "मन्ही चूक व्हयनी, मावशी. ध्यानमाच उनं नही." त्याने स्वतः दोन गोणपाटं शिवून दोरीवर टाकली. बरणी आणि तो अलीकडे, बाई पलीकडे, आणि गोणपाटाला भोक पाडून मधून नळी. बाईने आत जायचं, फडकं सोडायचं, फुंकायचं, फडकं बांधून बाहेर यायचं. वीरसिंगने पाण्याकडे बघून आकडा लिहायचा.

पोरगा इतका चटकन मानला म्हणून तिला आणखीच संशय आला. पण तिला हवा होता तो पडदा मिळाला होता.

गोदामात त्या वर्षी पहिल्यांदाच आलेली रमिलाबाई नावाची एक बाई होती. सातपुड्यातल्या काठी गावाकडची, जवान, उंच, आवाज असा की तिकडे एका टेकडीवरून हाक मारली तर पलीकडच्या टेकडीवरच्या बकऱ्या माना वर करतील. तिला यांची बोली अर्धी कळायची, पण कामाची गोष्ट पुरती कळायची. जसोदाबाईने तिला हाताने धरून गोणपाटामागे नेलं, पोत्यांच्या कोपऱ्यात बसवलं आणि सांगितलं, "मी तुले चिमटा लेसू, तवय त्या बायनी फुंकर तू मारानी. समजनं?"

रमिलाबाईला समजलं. तिला तर गंमतच वाटली.

बेचाळीस बायांतल्या अकरा जणी जसोदाबाईने मनाशी काढल्या होत्या. ज्यांचा खोकला शेठपर्यंत जाईल अशा. बाकीच्यांनी स्वतःच्या छातीने फुंकलं, जसोदाबाई मुकादम म्हणून स्वतः बसलीच नाही, या अकरा जणी आत जाऊन गुपचूप बसल्या आणि रमिलाबाईने त्यांच्या नावाने फुंकलं. पहिलीला तीस, दुसरीला तीस, तिसरीला एकोणतीस. गोणपाटाअलीकडून वीरसिंगचा आवाज आला, "बराबर तीस? परत?" त्याने बरणीवर टिचकी मारली, पट्टी नीट चिकटली आहे का पाहिलं. आत बाया तोंडात पदर कोंबून हसत होत्या. सातवीपर्यंत रमिलाबाईचा चेहरा लाल झाला. दहावीला सत्तावीसवरच पाणी थांबलं. शेवटी धनुबाई आत आली, तेव्हा जसोदाबाईने रमिलाबाईला दंडाला असा चिमटा काढला की त्या रागानेच तिने फुंकलं, आणि पाणी एकतिसाव्या रेघेवर गेलं.

"शाब्बास, धनुबाई!" वीरसिंग ओरडला. "पुरा गोदाममा तुन्ही छाती पहिली!"

धनुबाई पडदा सारून बाहेर आली आणि तिथेच तिला खोकल्याची उबळ आली. कमरेत वाकली, भिंत धरली, तरी थांबेना. वीरसिंग तिच्याकडे पाहत राहिला, मग वहीतल्या आकड्याकडे, मग परत तिच्याकडे.

"ठसका लागना तिले," जसोदाबाई म्हणाली आणि बहिणीला ओढत घेऊन गेली.

त्यानंतर दोन्हीकडून पहारा सुरू झाला. वीरसिंगने बरणी तीनदा धुतली, नळी बदलली, स्वतः फुंकून पाहिलं, भाकरी घेऊन आलेल्या भाईदासला फुंकायला लावलं. रोज संध्याकाळी तो वहीवर डोकं धरून बसायचा. एकदा जाडजूड पाकीट घेऊन पोस्टाकडे जाताना जसोदाबाईने त्याला पाहिलं आणि ती पेटीपर्यंत त्याच्या मागे गेली. पाकिटावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं. पण नावांची यादीच असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. फक्त ती शेठच्या हातात न देता पोस्टाने का पाठवतो, एवढंच कोडं तिला सुटेना.

ते सुटलं आठवड्याने, एका भर दुपारी. बाया भाकरीला बाहेर गेल्या होत्या. जसोदाबाई चाळण शोधायला पोत्यांच्या थप्पीमागे वाकली होती, आणि थप्पीच्या पुढे शेठचा आवाज आला.

"डॉक्टर, ते वहीतलं पान जरा बघू द्या ने. कमजोर कोण आहे, ते मला कळलं पाहिजे. पुढच्या मोसमाला माणसं ठरवायची आहेत."

जसोदाबाईने थप्पीला कान लावला. बरोबर! अगदी बरोबर ओळखलं होतं आपण! तिला जिंकल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी धनुची जागा गेलीच असंही वाटलं.

"शेठ, वहीत नावं नाहीत, नंबर आहेत," वीरसिंग म्हणाला. "कुठला नंबर कुणाचा, ते मी कुणाला सांगणार नाही. आमच्या सरांनासुद्धा नाही. तशी शपथ घालून पाठवलंय त्यांनी."

"अरे, जागा कुणी दिली तुम्हाला? खुर्ची कुणी दिली?"

"खुर्ची घेऊन जा."

"आणि परवानगी काढून घेतली तर?"

"तर रस्त्यावर बसेन. पण नाव सांगणार नाही."

शेठ तरातरा निघून गेला. जसोदाबाई थप्पीमागेच उभी राहिली. आता तुम्ही म्हणाल, तिचा संशय फिटला असेल. छे हो! जसोदाबाई ती. तिला वाटलं, आपण मागे आहोत हे दोघांना ठाऊक असणार आणि हे नाटक आपल्याला ऐकवायला केलं असणार. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची नव्हती. पोरगा पालथ्या डालड्याच्या डब्यावर बसून लिहीत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या पाण्याच्या टबात कुणीतरी मूठभर तिखट टाकलेलं निघालं. चौथ्या दिवशी शेठच्या दिवाणजीने त्याला सांगितलं की शनिवारनंतर गोदामात यायचं नाही. नाटक इतके दिवस चालत नाही. जसोदाबाईला हे कळत होतं, आणि कळत होतं म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. कारण पोरगा खरा असेल, तर मग आपण काय करून बसलो?

त्याचं उत्तर मंगलाबाईने आणलं. हीच ती उगाच शिव्या खाणारी. ती शुक्रवारी सकाळी जसोदाबाईच्या कानाशी लागली. वीरसिंगने तिला बाजूला बोलावून सांगितलं होतं की तुझी छाती कमी भरते. मुंबईच्या कॉलेजचे छातीचे मोठे डॉक्टर पुढच्या आठवड्यात धुळ्याच्या दवाखान्यात येणार आहेत. ज्यांची फुंकर कमी, त्यांच्या छातीचा फोटो काढतील, काय बिघडलंय ते पाहतील, औषध देतील, लागलंच तर मुंबईला नेऊन ठेवून घेतील. येण्याजाण्याचं कॉलेज बघेल. शेठला कळणार नाही, बाईने माहेरी जाते म्हणून सांगायचं.

"कितल्या बाया शेतस?" जसोदाबाईने विचारलं.

"चार. मी आनि अजून तीन."

"धनु?"

मंगलाबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "धनुले कसाले बलावतीन? तिन्ही छाती तं पहिली उनी ना?"

त्याच दिवशी धनुबाई गोदामाच्या पायऱ्या चढताना मध्येच बसली. पायऱ्या किती, तर तीन. ओठ काळेनिळे पडले होते आणि बोलायला जावं तर शब्दाआधी श्वास पुढे धावत होता. "थोडं बठस, आक्का," एवढंच ती म्हणाली आणि बहिणीकडे पाहून हसली, काळजी करू नको म्हणून. जसोदाबाईला त्या हसण्याने रडू आलं. तिने ते तिथेच गिळलं आणि तडक वीरसिंगसमोर जाऊन उभी राहिली.

तो सामान आवरत होता. तिने सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. गोणपाट, रमिलाबाई, चिमटे, अकरा नावं. सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच कडक होता, पण हात पदराशी चाळा करत होते.

वीरसिंगने वही मिटली. त्याचं तोंड उतरलं, मग लाल झालं.

"मावशी, मन्हं पहिलं काम शे हाई," तो म्हणाला. "मी सरले लिखं, ज्या बाया जास्त खोकतस, त्यास्नी छाती सगळास्मा दांडगी शे. सरनं उत्तर उनं, एक तं बरणी खोटं बोली ऱ्हायनी, नही तं मानसं. मी काय लिखं मालूम शे? मी लिखं, मन्ह्या बाया खोटं बोलनार नहीत. बरणीच खोटी शे."

जसोदाबाईला मान वर करवेना. तिच्या नावाने शपथ घ्यायला आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं, आणि उभा राहिला तो कोण, तर हा. तिला वाटलं, याने आपल्याला चार शिव्या घालाव्यात. त्याने घातल्या नाहीत.

"तू गिरासे शेस ना, राजपूत? मंग राग काढ ना!" तीच ओरडली.

"राग काढीसन धनुबाईना आकडा येई का?" तो म्हणाला. मग त्याने मिटलेली वही परत उघडली. "परत मोजनं पडी. अकरा नही, बेचाळीसच. एक खोटा निंघना म्हंजे बाकीन्यास्वर बी कोन भरोसा ठेवी? आनि शेठ तं गोदाममा पाय ठेऊ देनार नही."

"मन्हं घर शे," जसोदाबाई म्हणाली. "मन्हा ओटावर मांड तुन्ही बरणी. बाया मी आनस."

रविवारी सकाळी उन्हं कौलांवर येता येता जसोदाबाईच्या ओट्यावर बरणी मांडली गेली. भाईदास नळावरून घागरी वाहत होता. बाया आल्या, पण अंगणातच थबकल्या. इथे गोणपाट नव्हतं. फडकं सोडून उघड्या तोंडाने परक्या पुरुषासमोर बसायचं, आणि आता तर आपला खरा आकडा तो लिहिणार. कुणी पुढे येईना. "शेठले समजनं तं?" मागून कोणीतरी म्हणालं. जसोदाबाईने त्यांना समजावलं नाही. तिने धनुबाईचा हात धरला, ओट्यावर आणून बसवलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या तोंडावरचं फडकं सोडलं.

"फूक, माय. जितलं व्हई तितलं."

धनुबाईने तीनदा फुंकलं. बारा, तेरा, तेरा. वीरसिंगने आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे खूण केली. धुळ्याला जाणाऱ्यांत तिचा नंबर लागला होता. जसोदाबाईच्या छातीवरचा धोंडा खाली उतरला. तिने बहिणीला कवटाळलं, तिथेच, सगळ्यांसमोर, आणि दोन्ही डोळे पुसले.

"आते तुम्ही, मावशी," वीरसिंग म्हणाला.

"मन्हं काय? माले काय व्हयनं? मी पोतं उचलस अजून."

"मांगे तुम्ही फुकंच नही. बेचाळीस म्हंजे बेचाळीस."

बाया बघत होत्या. तेव्हा तिला बसावं लागलं. तिने फडकं सोडलं, नळी तोंडाला लावली आणि आपला सगळा तोरा त्या एका श्वासात घालून फुंकर मारली. बुडबुड झालं आणि थांबलं.

"अकरा," वीरसिंग म्हणाला, अगदी हळू.

"बरणी गळी ऱ्हायनी," जसोदाबाई म्हणाली.

त्याने बरणी परत भरली. तिने परत फुंकलं. दहा. ती उठली, टबाभोवती फिरली, नळी बोटांनी दाबत शेवटपर्यंत तपासली, काचेला चीर आहे का पाहिलं. मग अंगणात उभ्या रमिलाबाईला हाक मारली, "ये, तू फूक. तुन्हा नाववर." रमिलाबाईने फुंकलं. पाणी सरळ तीसच्या रेघेवर गेलं. जसोदाबाईने नळी तिच्या हातातून घेतली, जांभळ्या पाण्यात स्वतःच बुडवली आणि तिसऱ्यांदा फुंकलं. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मानेच्या शिरा फुगेपर्यंत.

अकरा.

शेठवर संशय घेतला, दिवाणजीवर घेतला, या पोरावर घेतला, नवऱ्यावर घेतला. सोळा वर्षं ती त्या धुळीत बसली होती आणि आपल्या छातीचा संशय तिला एकदाही आला नव्हता. धनुबाई तिच्याकडे टक लावून बघत होती. "आक्का, तू बी?" ती म्हणाली, आणि मघापासून स्वतःसाठी न रडलेली ती बाई हुंदके देऊन रडायला लागली.

जसोदाबाईने तिला गप्प केलं नाही. ती वीरसिंगकडे वळली.

"खरं सांग, भाऊ. बरं व्हई का हाई? तिन्हं, मन्हं?"

वीरसिंगने पेन खाली ठेवलं. होईल म्हणाला असता तर सोपं होतं. बाया तेच ऐकायला उभ्या होत्या, आणि तेच गोड उत्तर आलं असतं तर जसोदाबाई तिथून उठून गेली असती.

"माले माहीत नही, मावशी," तो म्हणाला. "तेच तं शिकाले उनू मी."

जसोदाबाईने मान हलवली, त्याचं पेन उचलून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मंग लिख. अकरा." अंगणाकडे वळून तिने पुढच्या बाईला ओट्यावर बोलावलं.